घळई आणि राजवाडा: बव्हेरियाच्या आल्प्समध्ये पहिल्यांदा जाताना

शाळेत भूगोलाच्या पुस्तकात नदीच्या खननकार्याचं एक चित्र असायचं. घळई, व्ही आकाराची दरी, धबधबा, रांजणखळगे. चार नावं पाठ केली की मार्क पक्के. त्यातली घळई म्हणजे नेमकं काय, हे मला कळलं ते जर्मनीच्या अगदी दक्षिणेला, बव्हेरियातल्या पार्टनाख नदीवर. दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडचे कडे हाताला लागतील की काय असं वाटावं, इतक्या चिंचोळ्या फटीतून ती नदी धावते आणि तिच्या कडेने माणसाला चालता येतं. तिथून बसने दोन-अडीच तासांवर नॉयश्वानस्टाइन आहे. तोच तो कॅलेंडरवरचा, पांढऱ्या मनोऱ्यांचा राजवाडा.

नोकरी-शिक्षणासाठी जर्मनीत नुकतेच आलेले, त्यांच्याकडे येणारे आई-बाबा आणि पुण्या-मुंबईहून स्वतःच्या हिमतीवर निघणारे, अशा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. म्युनिकहून एका दिवसाच्या बसने राजवाडा ‘करून’ येता येतो, पण त्यात घळई बसत नाही, आणि माझ्या मते दोन्हींत घळई जास्त मोलाची आहे.

बाकीचं सगळं नियोजन एका गोष्टीभोवती फिरतं. राजवाड्याची वेळ तिकिटावर छापलेली असते, अगदी मिनिटासकट. घळईची वेळ पाऊस ठरवतो. म्हणून राजवाड्याचा दिवस आधी बांधून टाकायचा आणि घळईसाठी दोन-तीन दिवसांची मोकळीक ठेवायची. बहुतेक जण उलटं करतात. घळईला प्रवासाचा एकच दिवस देतात, त्या दिवशी ती बंद निघते आणि फाटकापासून परत फिरावं लागतं.

पायरी १: पाट्यांवरचे शब्द ओळखीचे करून घ्या

जर्मन येत नसेल तरी हरकत नाही, पण दहा-बारा शब्द डोळ्यांखालून घाला. ‘क्लाम’ म्हणजे उभ्या कड्यांची अरुंद घळई. ‘श्लुख्ट’ तिच्याहून जरा रुंद. नावाच्या शेवटी क्लाम असलं (पार्टनाखक्लाम, ह्योलेनटालक्लाम, ब्राइटाखक्लाम) की समजा, आत ओलं असणार, थंड असणार आणि बहुधा तिकीट असणार.

‘बुर्ग’ म्हणजे लढण्यासाठी बांधलेला किल्ला आणि ‘श्लॉस’ म्हणजे राहण्यासाठी, मिरवण्यासाठी बांधलेला राजवाडा. आपल्यासाठी हा फरक फार महत्त्वाचा आहे. राजगड-रायगड पायाखाली घातलेला माणूस नॉयश्वानस्टाइनला ‘किल्ला’ समजून गेला की बुरूज, चोरदरवाजा, पाण्याची टाकी शोधत बसतो आणि हिरमुसतो. तो श्लॉस आहे. १८६९ साली, म्हणजे तोफा-तटबंदीचा जमाना उलटून गेल्यावर, एका राजाने स्वतःसाठी बांधायला घेतलेलं ते स्वप्न आहे. तसं समजून गेलात तर डोळे भरून पाहाल.

पाटीवर ‘गेश्पेर्ट’ दिसलं की वाट बंद. तिथे वाद नाही, दोर ओलांडून जाणं नाही. ‘श्टाइनश्लाग’ म्हणजे वरून दगड पडण्याचा धोका, तिथे फोटोसाठी थांबू नका. ‘रूहेटाग’ म्हणजे हॉटेलचा साप्ताहिक सुट्टीचा दिवस. स्टेशनवर ‘ग्लाइस’ म्हणजे फलाटाचा क्रमांक. डोंगरातल्या पिवळ्या पाट्यांवर अंतर किलोमीटरमध्ये नसतं, तासांत असतं. तो वेळ चढाची सवय असलेल्या माणसाचा असतो. बरोबर ज्येष्ठ असतील तर त्यात निम्मी भर घाला.

पायरी २: महिना ठरवा, मग व्हिसा

मे ते ऑक्टोबर हा सरळ हंगाम. माझं मत विचाराल तर सप्टेंबर. शाळांच्या सुट्ट्या संपत आलेल्या, दुपारची वादळं कमी झालेली, गायी डोंगरावरून खाली यायला लागलेल्या. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळ निरभ्र आणि दुपारी तीनच्या पुढे ढगांचा गडगडाट, असं अनेकदा होतं. त्या दिवसांत घळई सकाळीच उरकायची.

हिवाळ्यातही पार्टनाखक्लाम उघडी असते आणि कड्यांवरून लोंबणारे बर्फाचे सुळे पाहण्यासारखे असतात. पण पहिल्याच खेपेला, बर्फावर चालायची सवय नसताना, तो बेत नको.

भारतातून येणाऱ्यांना शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांसाठी मिळून असलेला एकच व्हिसा, लागतो. ज्या देशात सर्वांत जास्त रात्री राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, आणि निदान पंधरा दिवस आधी तो पोचलाच पाहिजे. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळेनाशी होते, म्हणून तीन-चार महिने आधीच हालचाल करा. मोठ्यांसाठी फी ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी ४५, त्याहून लहानांना नाही. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. परतीच्या तारखेनंतरही पासपोर्टची मुदत निदान तीन महिने उरलेली असली पाहिजे. बाकी कागदपत्रांची यादी अर्ज केंद्राच्या साइटवर असते. ती एजंटकडून ऐकण्यापेक्षा स्वतः वाचा.

पायरी ३: म्युनिकमध्ये नाही, डोंगराच्या पायथ्याशी उतरा

पाच रात्री असतील तर तीन गार्मिश-पार्टेनकिर्शेनला आणि दोन फ्युसेनला, अशी वाटणी करा. गार्मिश घळयांचं गाव, फ्युसेन राजवाड्यांचं. तीन रात्री गार्मिशला का, तर घळईसाठी लागणारी मोकळीक तिथे मिळते. पहिला दिवस पावसात गेला तर दुसरा हाताशी असतो, दुसराही गेला तर तिसरा.

दोन्ही गावांत मुक्कामावर थोडा पर्यटन कर लागतो आणि त्याच्या बदल्यात पाहुण्यांचं कार्ड मिळतं. ते मागून घ्या. स्थानिक बस त्यावर फुकट होते आणि काही ठिकाणच्या तिकिटांत सूट मिळते. आमच्या शेजारच्या खोलीतलं कुटुंब तीन दिवस बसचे पैसे भरत होतं, कारण कार्ड आलेल्या कागदांच्या पाकिटात तसंच पडून होतं.

घरगुती गेस्ट हाउसमध्ये स्वयंपाकाची सोय असलेली खोली मिळाली तर ती आधी बघा. कुकर लागत नाही. एक पातेलं, एक शेगडी आणि आपल्याजवळची मसाल्याची पुडी असली की वरणभात होतो. दिवसभर घळईत भिजून आल्यावर त्या वरणभाताची चव काही औरच.

पायरी ४: तिकिटं

नॉयश्वानस्टाइनचं तिकीट सर्वांत आधी, ऑनलाइन. मोठ्या माणसाला साधारण २० युरोंच्या घरात पडतं आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेशशुल्क नसतं, पण त्यांचंही नाव बुकिंगमध्ये हवं. उन्हाळ्यात सगळ्या वेळा आठवडे आधी संपतात. सकाळची पहिली किंवा दुसरी वेळ मिळाली तर डोळे मिटून घ्या.

रेल्वेसाठी ‘बायर्न-टिकेट’ हे बव्हेरियाचं एका दिवसाचं तिकीट आहे. पाच जणांपर्यंत एकच तिकीट चालतं, आणि माणसामागे थोडेसेच पैसे वाढतात, म्हणून कुटुंबाला ते फार स्वस्त पडतं. तीन गोष्टी लक्षात ठेवा. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊच्या आधी चालत नाही, शनिवार-रविवारी चालतं. वेगवान लांब पल्ल्याच्या गाड्यांत चालत नाही, फक्त प्रादेशिक गाड्यांत चालतं. आणि त्यावर प्रवाशांची नावं लिहावी लागतात, पेनने, गाडीत बसण्यापूर्वी. तपासनीस आल्यावर पेन शोधत बसू नका.

म्युनिकहून गार्मिशला थेट गाडी आहे, साधारण दीड तास. ती मुख्य फलाटांवरून सुटत नाही. स्टेशनच्या बाजूच्या पंखात, २७ च्या पुढच्या फलाटांवर जावं लागतं, आणि तिथवर चालायला पाच-सात मिनिटं धरा. म्युनिकहून फ्युसेनला दोन तास, काही गाड्या थेट तर काहींना मध्ये बदल.

आणखी एक, कारण आमची यात चांगलीच धांदल उडाली होती. गार्मिशच्या दिशेच्या काही गाड्या वाटेत टुट्झिंगला दुभंगतात. पुढचे डबे एकीकडे, मागचे दुसरीकडे, कोखेलला. घोषणा जर्मनमध्ये झाली, आम्ही निवांत खिडकीबाहेर तळं बघत बसलो होतो. समोरच्या आजींनी आईच्या मांडीवरचं तिकीट वाचलं आणि हातानेच ‘पुढे, पुढे’ अशी खूण केली. बॅगा ओढत आम्ही पुढच्या डब्यांत चढलो आणि दार लागलं. प्रत्येक डब्याच्या दाराशेजारी आणि आतल्या पडद्यावर त्या डब्याचं शेवटचं स्टेशन लिहिलेलं असतं. बसण्याआधी ते वाचा. गाडीचं नाव बरोबर असून पुरत नाही, डबाही बरोबर लागतो.

पायरी ५: घळईत उतरताना

गार्मिश स्टेशनवरून गावातल्या बसने ऑलिंपिक स्की स्टेडियमला या. १९३६ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी बांधलेलं हे स्टेडियम. स्कीवरून उडी मारायचा तो प्रचंड उतार खालून बघितला तरी पोटात गोळा येतो. इथून पार्टनाखक्लामच्या फाटकापर्यंत पंचवीस मिनिटांची सपाट, पक्की वाट आहे. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी घोडागाडी असते. तिकीट साधारण १० युरो. उन्हाळ्यात सकाळी आठला फाटक उघडतं. साडेआठच्या आत पोचाल तर घळई जवळजवळ एकट्याला मिळते, अकरानंतर मात्र वाटेवर रांग लागते.

निघण्यापूर्वी, त्याच सकाळी, घळईच्या संकेतस्थळावर ती उघडी आहे का ते बघा. मुसळधार पाऊस, वादळ, बर्फ वितळण्याचे दिवस किंवा दगड पडण्याची भीती असली की ती बंद ठेवतात. आदल्या रात्री उघडी दिसली म्हणून सकाळी असेलच असं नाही.

पायात मागे पट्टा नसलेली चप्पल नको, गुळगुळीत तळव्याचे बूटही नकोत. सह्याद्रीत वापरता ते ट्रेकचे बूट उत्तम. छत्री नको. वाट इतकी अरुंद आहे की छत्रीची काडी समोरच्याच्या डोळ्यात जाईल. टोपीचं पावसाळी जॅकेट घाला. बाहेर पंचवीस अंश असले तरी आत गारठा असतो, म्हणून आत एक लोकरीचा किंवा जाडसर कपडा हवा. चष्मा असेल तर पुसायला सुती रुमाल खिशात ठेवा, दर पाच मिनिटांनी लागतो. मुलांची ढकलगाडी बाहेरच राहू द्या.

आत शिरल्यावर आधी आवाज आदळतो. बोललेलं शेजारच्याला ऐकू येत नाही. वाट खडकात कोरलेली आहे, एका बाजूला नदी आणि मध्ये फक्त तारेचा कठडा. काही ठिकाणी डोक्यावरचा खडक इतका खाली येतो की उंच माणसाला वाकून जावं लागतं. मध्येमध्ये अंधारे बोगदे आहेत, मोबाइलचा दिवा हाताशी ठेवा. कडे ऐंशी मीटरहून उंच आहेत, म्हणजे पंचवीस मजली इमारतीहून जास्त, आणि वर आकाशाची एक फीत दिसते. वरून पाणी सतत ठिबकत असतं. पाऊस नसताना तुम्ही भिजता. लांबी फक्त सातशे मीटर, पण अर्धा-पाऊण तास कसा जातो कळत नाही.

मधल्या एका वळणावर आई थांबली. खालच्या खडकात पाण्याने कोरलेला एक गोल खड्डा होता, आतून घोटून काढल्यासारखा गुळगुळीत, आणि त्यात हिरवट दुधी पाणी गरगर फिरत होतं. आईने माझा दंड धरला आणि कानाशी तोंड आणून ओरडली, “अगं, हे निघोजसारखं!” बरोबरच होतं. कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे आणि हा खड्डा एकाच रीतीने घडले आहेत: पाण्याबरोबर फिरणारे दगडगोटे वर्षानुवर्षं एकाच जागी घासत राहिले. खडक मात्र वेगळा. निघोजला लाव्हाचा काळा बेसॉल्ट, इथे समुद्राच्या तळाशी साचलेला, शिंपल्यांचे अवशेष असलेला चुनखडक. हा चुनखडक कठीण, म्हणून नदीने त्याला रुंद न करता सरळ खोल चिरलं. घळईच्या वरच्या टोकाला मऊ खडक लागतो आणि तिथे दरी एकदम मोकळी होते. अंधारातून बाहेर आल्यासारखं वाटतं. नदीकाठच्या दगडांवर बसून डबा उघडायची ती जागा.

ही वाट मुळात पर्यटकांसाठी नव्हती. डोंगरातलं लाकूड खाली आणायला रस्ते नव्हते तेव्हा ओंडके नदीत सोडत आणि पुराच्या पाण्याबरोबर ते घळईतून खाली येत. मध्ये ओंडके अडकले की माणसांना दोरावरून खाली सोडत, हातात लांब आकडी घेऊन. १९१२ साली घळईला संरक्षित निसर्गस्मारक ठरवलं आणि सर्वांसाठी वाट खुली झाली. १९९१ च्या जूनमध्ये कड्याचा मोठा भाग कोसळला. सुदैवाने कुणी सापडलं नाही, पण वाट गाडली गेली आणि पुढे त्या जागी खडकातून नवा बोगदा काढावा लागला. बोगद्याच्या खिडकीवजा भोकांतून ते कोसळलेले धोंडे आजही दिसतात.

गार्मिशजवळच ह्योलेनटालक्लाम आहे, ‘नरकाच्या दरीतली घळई’. ही अधिक रांगडी. हामर्सबाख गावातून तासाहून जास्त चढल्यावर तिचं तोंड लागतं, आणि ती साधारण मे ते ऑक्टोबरच उघडी असते. हरिश्चंद्रगड, हरिहर सहज करणाऱ्यांना जमेल, गुडघे दुखणाऱ्यांनी पार्टनाखवर समाधान मानावं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये इथे ढगफुटीसारखा पाऊस झाला, पाण्याच्या लोंढ्यात लाकडी पूल वाहून गेला आणि जीवितहानी झाली. सांदण दरीत पावसाळ्यात कुणी शहाणा माणूस उतरत नाही, तोच नियम इथे बाराही महिने लावा. डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या खोऱ्यात काळे ढग दिसले तर आत शिरू नका. आत असताना पाणी अचानक गढूळ झालं किंवा वाढलं तर सामान टाकून बाहेर पडा. तातडीच्या मदतीचा क्रमांक ११२.

तिसरी, ब्राइटाखक्लाम, ओबरस्टडॉर्फजवळ. अडीच किलोमीटर लांब. १९०५ साली गावच्या पाद्र्याच्या पुढाकाराने वाट झाली आणि गावाला रोजगार मिळाला. वेळ असेल तर फ्युसेनच्या मुक्कामात एक दिवस काढून जा, नसेल तर खंत नको.

पायरी ६: नॉयश्वानस्टाइन, वेळ सांभाळून

फ्युसेन स्टेशनसमोरून होहेनश्वांगाउ गावाची बस सुटते, दहा मिनिटांत पोचवते. म्युनिकहून आलेली गाडी रिकामी झाली की या बसला झुंबड उडते. फ्युसेनला मुक्काम केल्याचा फायदा इथे कळतो: तुम्ही त्या गाडीच्या आधीच्या बसमध्ये असता.

गावातून राजवाडा डोक्यावर दिसतो, पण वर जायला चढ आहे, तीस-चाळीस मिनिटं. घोडागाडी दारापर्यंत नेत नाही, उतरून पुढे दहा-पंधरा मिनिटं चढावं लागतं. शटल बस मारियेनब्र्युक पुलाजवळ सोडते, तिथून उतार आहे, पण बर्फ असला की ती बंद असते. घोडागाडी आणि बस दोन्हींना रांग असते. म्हणून तिकिटावर अकराची वेळ असेल तर साडेनऊला गावात हजर राहा. वेळ चुकली की तिकीट वाया जातं, पुढच्या गटात घेत नाहीत.

माझा क्रम असा: सकाळी शटल बसने वर, आधी पूल, मग उतरत राजवाडा, मग पायी खाली. ज्येष्ठांना यात चढ जवळजवळ लागत नाही.

मारियेनब्र्युक हा प्योलाट नदीच्या घळईवरचा पूल, पाण्यापासून साधारण ९० मीटर उंच. राजा लुडविग दुसरा याच्या आईचं, राणी मारीचं नाव त्याला दिलेलं आहे. कॅलेंडरवरचा तो फोटो इथूनच निघतो. फळ्यांच्या फटींतून खालचं पाणी दिसतं आणि गर्दीच्या पावलांनी पूल किंचित हलतो. उंचीची भीती असेल तर मधोमध जायचा आग्रह धरू नका. पुलावर राजवाडा समोर असतो, पण पाठीमागे वळून धबधबाही बघा. बहुतेक जण तो न बघताच परत जातात.

आत जाण्यापूर्वी थोडी गोष्ट माहीत असावी. लुडविग अठराव्या वर्षी बव्हेरियाचा राजा झाला. दोनच वर्षांनी प्रशियाशी झालेल्या युद्धात त्याची बाजू हरली आणि पुढे राजेपण नावाला उरलं. तेव्हा त्याने मनातलं मध्ययुग दगडात उतरवायचं ठरवलं, आणि त्याची पहिली चित्रं काढून घेतली ती नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या क्रिस्टियान यांक याच्याकडून. म्हणून हा राजवाडा रंगमंचासारखा दिसतो. बाहेरून पांढरा चुनखडक, आत विटांचं बांधकाम. भिंती बाराव्या शतकातल्या वाटाव्यात, पण आत गरम हवेची सोय, सगळ्या मजल्यांवर नळाचं पाणी, नोकरांना बोलवायला विजेची घंटा. २०० हून जास्त दालनं आखली होती, पूर्ण झाली ती जेमतेम पंधरा. सिंहासनाच्या दालनात घुमट आहे, पायऱ्या आहेत, भलंमोठं झुंबर आहे, आणि सिंहासनाची जागा रिकामी आहे. ते कधी बनलंच नाही. १३ जून १८८६ ला राजा तळ्यात मृतावस्थेत सापडला, चाळीस वर्षांचा होता. आपल्या वास्तूत परक्याचं पाऊल पडू नये असं त्याला वाटे. मृत्यूनंतर सातच आठवड्यांत ती लोकांसाठी खुली झाली.

आत फक्त गटाने, पस्तीस मिनिटांत फिरवतात. फोटो काढायला मनाई आहे. मोठ्या सॅका नेता येत नाहीत. चढ-उतार मिळून साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. आई-बाबांना हे आधी सांगून ठेवा.

समोरच्या टेकडीवरचा पिवळा राजवाडा होहेनश्वांगाउ. लुडविगचं बालपण तिथे गेलं. त्याच्या खोलीतून दुर्बिणीने तो नॉयश्वानस्टाइनचं काम बघत असे. मला हा जास्त घरगुती वाटला. त्याच्या पायथ्याशी आल्पझे नावाचं तळं आहे, दीड-दोन तासांत भोवती चक्कर होते. राजवाड्यातली गर्दी सोसून झाल्यावर त्या पाण्याकाठी बसा.

लुडविगचे राजवाडे २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्याच बैठकीत आपले शिवनेरी, रायगड, राजगड, प्रतापगडासह मराठा लष्करी भूप्रदेशाचे बारा किल्लेही आले. मला हे दोन्ही एकाच यादीत शेजारी बघून फार बरं वाटलं.

याच राजाचा लिंडरहोफ गार्मिशच्या बाजूला, ओबरामरगाउहून बसने. त्याच्या हयातीत पुरा झालेला हा एकच मोठा राजवाडा, १८७८ चा. बागेत माणसाने बनवलेली गुहा आहे, तिच्यात रंगीत उजेड पाडायला राजाने त्या काळी वीज तयार करणारी यंत्रं बसवली होती. दुरुस्तीसाठी अनेक वर्षं बंद असलेली ही गुहा २०२५ पासून पुन्हा बघता येते. गार्मिशला घळई पावसाने बंद असेल त्या दिवशी इथे या.

पायरी ७: खरा किल्ला हवा असेल तर

दुर्गवेड्यांची राजवाड्यांनी भूक भागत नाही, हे मला माहीत आहे. फ्युसेनहून सीमेपलीकडे, ऑस्ट्रियातल्या रॉयटे गावाजवळ एरेनबर्ग आहे. तेराव्या शतकाच्या अखेरचा हा किल्ला घाटवाट रोखून बसलेला आहे. खाली जकातीचं ठाणं, वर पडके तट, समोरच्या डोंगरावर जोडकिल्ला. खिंड, माची, टेहळणी, सगळं ओळखीचं वाटेल. दोन डोंगरांमध्ये ४०६ मीटर लांबीचा, शंभर मीटरहून उंच पायी झुलता पूल २०१४ पासून आहे, त्याचं तिकीट वेगळं. सीमेवर सहसा कुणी अडवत नाही, तरी पासपोर्ट खिशात हवाच.

खाणं, पैसे आणि राहिलेलं

दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपियन युनियनमध्ये आणायला बंदी आहे. म्हणजे साजूक तूप, पेढे, खव्याची बर्फी घरीच ठेवा. तिखटमिठाच्या पुऱ्या, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, चिवडा चालतो. शाकाहाऱ्यांसाठी ‘केझेश्पेट्झले’ मागवा: चीजमध्ये घोळलेले मऊ शेवयांचे तुकडे, वर तळलेला कांदा. वर डुकराच्या मांसाचे तुकडे नकोत, एवढं विचारून घ्या. ‘कायझरश्मार्न’ हा गोड, जाड धिरड्याचा चुरा, सोबत फळांची चटणी. मुलं बोटं चाटतात, पण त्यात अंडं असतं.

रविवारी दुकानं बंद. शनिवारी संध्याकाळीच दूध, ब्रेड, फळं घेऊन ठेवा. डोंगरातल्या लहान खानावळींत कार्ड चालेलच असं नाही, पन्नासेक युरो रोख आणि स्वच्छतागृहांसाठी नाणी ठेवा. प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, दुकानातल्या यंत्रात रिकामी बाटली टाकली की चिठ्ठी मिळते.

परतीच्या दिवशी फ्युसेनहून दुपारची गाडी धरा आणि सकाळी गावातून चालत लेख नदीच्या धबधब्यावर या, पंधरा-वीस मिनिटं लागतात. तिकीट नाही, फाटक नाही. पायऱ्यांसारख्या बंधाऱ्यावरून हिरवंगार पाणी कोसळतं आणि लगेच एका अरुंद घळईत शिरतं, वर लहानसा पादचारी पूल आहे. आई तिथे कठड्याला टेकून अर्धा तास उभी होती. “निघूया का?” विचारलं की म्हणायची, “थांब गं जरा.” गाडीच्या वेळेत तेवढा अर्धा तास धरून ठेवा.